दुखवट्याच्या घरातून निघताना

ज्या घरात माणूस गेलंय त्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं. गप्प उठायचं, चपला घालायच्या, चालू लागायचं. घरच्यांनीही ‘या’ म्हणायचं नसतं. हे मला आजीनं वर्ध्यात शिकवलं होतं. पुण्यात कुणाला नव्यानं शिकवावं लागलं नाही, या बाबतीत अख्खा महाराष्ट्र एक आहे.

माझं काम म्हणजे ही रीत मोडणं. ज्या घरातलं कुणी आत्महत्येनं गेलंय अशा घरी आम्ही जातो, बसतो, ऐकतो आणि निघताना मुद्दाम ‘येते’ म्हणतो. वार सांगून म्हणतो. मग त्या वारी खरोखर जातो. ‘तुम्ही नेमकं करता काय?’ असं विचारणाऱ्यांना इतकंच उत्तर आहे आणि ते ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. त्यांना काहीतरी मोठं हवं असतं.

संपादकांनी अनुभवकथन मागितलं तेव्हा मी त्यांना माझं वय सांगितलं. या पानांवर सहसा निवृत्त लोक लिहितात, पोस्टमास्तर, मुख्याध्यापिका, शल्यविशारद. मी अजून पस्तिशीलाही पोचलेले नाही. ते म्हणाले, चालेल, मनस्ताप तर झालाय ना? झालाय. आणखी एक कल्पना त्यांना दिली होती, ती तुम्हालाही देते. मी लिहायला शिकले ते पत्रकांवर. वसतिगृहातलं पाणी, अडकलेली शिष्यवृत्ती, वाढलेली फी. सगळं एका कागदात, सिग्नलला थांबलेल्या माणसाला हिरवा पडायच्या आत कळेल असं. त्यामुळे माझ्या वाक्यांना घाट नाही. घाट हवा असेल तर पुढचं पान उलटा, तिथे कविता असेल.

मी विदर्भातली आणि काम आत्महत्यांचं, असं म्हटलं की पुण्यातला सुशिक्षित माणूस मान हलवून ‘शेतकरी’ म्हणतो. नाही हो. तुमच्या वरच्या मजल्यावरचे. तुमच्या ऑफिसातले, काल तुमच्याबरोबर लिफ्टमध्ये होते ते.

आमचं टोळकं लहान आहे. कर्वेनगरला एका शिंप्याच्या दुकानावरची खोली, सात-आठ माणसं, त्यातली निम्मी नोकरी सांभाळून येणारी. घरी जाताना दोघांनी जायचं असा नियम आहे. माझे जोडीदार देशमाने काका. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, तोंडानं तिखट, चालायला माझ्यापेक्षा जलद. त्यांची मुलगी मंजूषा कॉलेजात असताना गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. वार सांगून ‘येतो’ म्हणायची पद्धत त्यांची. ते सांगतात, ‘तेराव्याला क्वार्टर्सच्या अंगणात पंगती उठल्या. चौदाव्या दिवसापासून दार वाजायचं बंद. लोकांना तरी काय बोलणार? कुणी येतो म्हणून गेलंच नव्हतं.’

आता थोडी माहिती, पत्रक समजून वाचा.

मूड जाणं वेगळं आणि मनोवस्थेचा आजार वेगळा. नैराश्यात मन इतकं खाली जातं की दात घासायला उठणं हे दिवसभराचं काम होऊन बसतं. द्विध्रुवी आजारात मन दोन्हीकडे जातं. कधी इतकं वर की झोप नको, जेवण नको, डोक्यात एकाच वेळी दहा बेत. आणि कधी खाली, थेट तळाला. हा आजार असलेली असंख्य माणसं गोळ्या घेऊन नोकऱ्या करतात, पोरं वाढवतात, तुमचे इन्कम टॅक्सचे कागद भरतात. पण जिवाला धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो, आणि तो घरच्यांना वाटतो तेव्हाच असतो असं नाही. माणूस तळाशी असतो तेव्हा असतोच. पण दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या आठवड्यांतही असतो, जेव्हा घरचे म्हणतात ‘सुटलो’. गोळ्या मनानंच बंद केल्यावर असतो. आणि बरेच दिवस मिटलेला माणूस एका सकाळी अचानक हलका, शांत, सगळ्यांचे आभार मानणारा दिसायला लागला, तर घरचे पेढे आणायला जातात आणि मी त्यांच्या घरी फोन लावते.

दुसरी गोष्ट. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते भरत नाही. असलंच तर आधीपासून असतं, आणि विचारणारं कुणी नसतं. या एका वाक्यासाठी मी कॉलेजांच्या प्राचार्यांशी भांडले आहे, एका सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडले आहे. त्या सेक्रेटरींनी आमच्या बैठकीला हॉल नाकारला होता. कारण सांगितलं की असला विषय आपल्या सोसायटीत नको, फ्लॅटचे भाव पडतात. त्याच सोसायटीतल्या एका घरी आम्ही दर महिन्याला जात होतो. ते मी त्यांना सांगू शकत नव्हते.

आता केतकीचं सांगते. नावं बदलली आहेत. घडलेलं तसंच ठेवलंय, आणि तिनं वाचून ‘छापा’ म्हटलंय.

कसबा पेठेत शेडगे नावाचे एक गृहस्थ आहेत, वसंतराव. फोटो फ्रेमचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. आजूबाजूच्या गल्ल्यांतली गेलेली माणसं यांच्याच हातून भिंतीवर गेली आहेत. काच, चौकट, खाली नाव आणि दोन तारखा. त्यांचा मुलगा निनाद तिशीच्या आत गेला. त्याला द्विध्रुवी आजार होता. दवाखान्यातून घरी आलेला होता, चेहऱ्यावर तजेला होता, दोन वाट्या श्रीखंड खाल्लं होतं. घरचे सगळे एका लग्नाला गेले. ‘तू पड जरा, आम्ही येतोच जेवून.’ परत आले तेव्हा तो गेलेला होता. गल्लीला सांगितलं, हार्ट.

आम्हाला फोन केला तो निनादच्या धाकट्या बहिणीनं, केतकीनं. हिंजवडीच्या एका कंपनीचं काम घरून करायची. म्हणाली, ‘घरात सगळे हार्ट म्हणतात. मला आठवड्यातून एकदा तरी कुणाशी तरी खरं बोलायचंय. तुमच्याकडे तशी काही सर्व्हिस आहे का?’ मी म्हटलं, आमच्याकडे तेवढी एकच आहे.

पहिल्या रविवारी गेलो तर वसंतरावांनी आम्हाला जिना चढू दिला नाही. म्हणाले, घरी नको, इथे बसा, गिऱ्हाईक म्हणून बसा. मग स्वतःच म्हणाले, आमच्याकडे तसलं काही झालेलं नाही, मुलीचा गैरसमज झालाय, हार्ट होतं. दुकानात चारी बाजूंनी गेलेली माणसं बघत होती. निनाद त्यांत नव्हता. त्याचा फोटो बापाच्या गल्ल्याखाली पाकिटातच होता, हे नंतर कळलं.

पुढच्या रविवारी देशमाने काकांनी पिशवीतून मंजूषाचा फोटो काढला. इतकी वर्षं त्यांनीही तो लावला नव्हता, मला ठाऊक नव्हतं. वसंतरावांनी सवयीनं फोटो हातात घेतला, पट्टीनं मापं घेतली, नाव विचारलं, तारखा विचारल्या. आणि पेठेत विचारतात तसं सहज विचारलं, काय झालं होतं?

‘जीव दिला तिनं,’ काका म्हणाले. ‘डिप्रेशन होतं. आम्ही क्वार्टर्समध्ये अपेंडिक्स सांगितलं.’

‘अपेंडिक्स?’

‘तेव्हा हार्टची पद्धत नव्हती.’

वसंतरावांची पट्टी काचेवर तशीच राहिली. मला वाटलं, आता हे आम्हाला हाकलून देणार. त्यांनी विचारलं, ‘लोकांना पटलं?’

‘छे. तुमचंही पटलेलं नाही.’

त्या दिवशी आम्ही जिना चढलो.

वर सुमनताई होत्या, निनादची आई. निघताना मी नेहमीप्रमाणे म्हटलं, ‘काकू, येते पुढच्या रविवारी.’ त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मग चांगलंच झापलं. ‘असं म्हणू नये, बाई. दुखवट्याचं घर आहे. तुमच्या आईनं शिकवलं नाही का?’ मी म्हटलं, आजीनं शिकवलंय, म्हणूनच मुद्दाम म्हणते. त्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या रविवारी मात्र उघडलं. पोहे-चहा काही नाही, ‘बसा’ नाही, फक्त दार. आमच्या कामात तेवढं पुरतं.

मग आम्ही दर रविवारी जात राहिलो. तिथे करायचं काय असतं? गेलेल्याचं नाव घ्यायचं. बाकी कुणी घेत नाही. निनादला कुठली भाजी आवडायची नाही, कुठल्या सरांना तो काय नाव ठेवायचा, हे विचारायचं. सुमनताई फिरून फिरून एकाच जागी यायच्या, ‘मी त्या लग्नाला गेले नसते तर.’ यावर नवखी माणसं घाईघाईनं ‘तुमची काही चूक नाही’ म्हणतात. म्हणू नये. आईला ते खोटं वाटतं आणि मग ती तुमच्याशी बोलणं थांबवते. मी त्यांना एवढंच विचारलं, की दवाखान्यातून सोडताना हे आठवडे सर्वांत जपायचे आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? फाइल दिली होती, गोळ्यांच्या वेळा सांगितल्या होत्या, तेलकट खाऊ नका सांगितलं होतं. हे नव्हतं सांगितलं. माझा राग तिथे आहे. आईला वाटतं ती लग्नाला गेली म्हणून गेला. ज्यांना धोका माहीत होता त्यांना रात्री शांत झोप लागते, आणि जिला माहीत नव्हता ती जागी असते.

सगळे सुमनताईंना जपत होते. आम्हीसुद्धा. केतकी चहा करायची, कप विसळायची, विनोद करायची. तिच्या हाताला बारीक कंप होता. एका रविवारी मी तिला बाजूला घेऊन विचारलं. तिनं सहज सांगितलं की तिलाही तोच आजार आहे, कॉलेजपासून. लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. त्यानं कधी कधी हात थरथरतो, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, बाकी उत्तम चाललंय. घरी माहीत आहे, पण बोलत नाही कुणी.

‘ताई, या घरात एकाच माणसाला आजारी पडायची परवानगी होती,’ ती म्हणाली. ‘तो कोटा दादानं वापरला.’

मी हसले. तीही हसली. त्या दिवसापासून आम्ही त्या घरी दोन माणसांसाठी जायला लागलो.

हे सगळं असं चाललेलं असताना मी निर्धास्त होते असं समजू नका. त्याच सुमारास अमरावतीकडचा एक मुलगा, चाकणला कंपनीत होता, आमच्याकडे फोन करायचा. बरा होत होता. मेसचं जेवण, सुपरवायझर, सगळ्याला शिव्या द्यायचा, आणि शिव्या देणारा माणूस मला आवडतो, त्याचा जगाशी संबंध असतो. मग फोन बंद झाले आणि कळलं, तो गेला. त्याच्या आईवडिलांना भेटायला मी रात्रभर एसटीनं गेले आणि त्यांच्या ओसरीवर बसल्यावर लक्षात आलं, मी इथे मदतीला आलेली नाही. मागे राहिलेल्यांत मीही आहे. आम्ही सगळ्यांना वाचवतो असं कुणी तुम्हाला सांगितलं तर तो माणूस वर्गणी गोळा करतोय.

तर, केतकी.

निनादचं वर्षश्राद्ध जवळ आलं तसे मामा सक्रिय झाले. सुमनताईंचे थोरले भाऊ. वाईट माणूस नव्हे. बहिणीच्या घरात पहिले सहा महिने किराणा त्यांनीच भरला. पण त्यांच्या मनात एक हिशेब पक्का होता. घरात मृत्यू झाला की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. ही रीत आईवडील गेल्यावरची, असं मी ऐकलं होतं. मामांनी ती भाऊ गेल्यावरही लावली. स्थळ कर्वेनगरचं, मुलगा इंजिनियर, स्वतःचा फ्लॅट, माणसं सज्जन. आजाराचं सांगितलेलं नव्हतं. निनादचं अर्थातच हार्ट.

आणि ट्रे हलतो. केतकी पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन गेली की कप वाजतात, हे मामांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी तिला सांगितलं, पाहण्याचा कार्यक्रम होईपर्यंत त्या गोळ्या बंद ठेव. पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न आहे.

हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मागच्या रविवारी ती नेहमीपेक्षा गप्प होती, पण वर्षश्राद्ध जवळ येत होतं, सगळंच घर गप्प होतं. सुमनताईंनी तेवढं कळवलं होतं की या रविवारी येऊ नका, पाहुणे आहेत. घरच्यांनी नको म्हटलं की जायचं नाही, हाही आमचाच नियम. मी खोलीवर फाइली लावत बसले होते.

सकाळी केतकीचा मेसेज आला. ‘ताई, आता नाही आलात तरी चालेल. थँक यू फॉर एव्हरीथिंग. काकांनाही सांगा.’

मी फोन लावला. तिनं उचलला नाही. परत लावला. मग सुमनताईंना लावला आणि तोवर स्कूटरची किल्ली हातात होती.

‘अहो, साडी नेसतेय ती,’ त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. मागे कढईत फोडणी तडतडत होती. ‘आज किती दिवसांनी हसली. सकाळी माझ्या पाया पडली. मला तर भरूनच आलं.’

‘काकू, गोळ्या घेते ना ती?’

त्या म्हणाल्या, ट्रे हलतो म्हणून बंद केल्यात.

‘काकू, गॅस बंद करा. तिच्या खोलीत जाऊन बसा. कडी लावू देऊ नका. मी पोचेपर्यंत तिचा हात सोडायचा नाही.’

‘पाहुणे जिन्यात आलेत.’

‘येऊ देत. तुम्ही जा.’

फोन बंद झाला. त्या गेल्या की पोह्यांकडे वळल्या, मला कळायला मार्ग नव्हता. कर्वेनगर ते कसबा मी कशी गेले हे विचारू नका. रविवार, खरेदीची गर्दी, पुलावर कुणाची तरी मिरवणूक. देशमाने काकांना खडकीला फोन केला, ते ‘निघालो’ एवढंच म्हणाले. प्रत्येक सिग्नलला मी एकच गोष्ट घोकत होते, की ती म्हणाली ‘आता नाही आलात तरी चालेल’. आता, म्हणजे कधीपासून?

स्कूटर गल्लीच्या तोंडाशी टाकली. दारात मामा होते, इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. त्यांनी वाट अडवून हळू आवाजात विचारलं की आज तरी सोडाल का आम्हाला? मी म्हटलं, बाजूला व्हा. बाहेरच्या खोलीत तिघं पाहुणे बसले होते, मुलगा आणि त्याचे आईवडील. कोण आल्या म्हणून विचारल्यावर मामा म्हणाले, केतकीची मैत्रीण. ते खोटं नव्हतं.

आतल्या खोलीत केतकी कॉटवर बसलेली होती, मोरपंखी साडी, गजरा. शेजारी सुमनताई, तिचा हात दोन्ही हातांत धरून. पोहे सोडून त्या आत आल्या होत्या. त्या घरात त्या दिवशी पहिली शहाणी गोष्ट कुणी केली असेल तर ती त्यांनी, का ते कळायच्याही आधी.

‘बघा ताई,’ केतकीनं मोकळा हात पुढे केला. ‘अजिबात हलत नाही.’

मी समोर जमिनीवर बसले. या प्रश्नाची माझ्याकडून शेकडो लोकांपुढे तालीम झालेली आहे, तरी दर वेळी तो नव्यानं विचारावा लागतो.

‘केतकी, जीव द्यायचं मनात आहे का?’

सुमनताई म्हणाल्या, अहो, काय विचारता, बाहेर ऐकू जाईल. केतकी माझ्याकडे बघत राहिली. तिचं हसू गेलं नाही, फक्त त्याच्या मागचं माणूस पुढे आलं.

‘आत्ता नाही,’ ती म्हणाली. ‘यांचा कार्यक्रम पार पडू दे म्हटलं. आईचा हिरमोड नको. पाहुणे गेले की.’

 सुमनताईंनी तिचा हात सोडला नाही.

कसं, हेही मी विचारलं. ते विचारावंच लागतं, म्हणजे ती वाट बंद करता येते. तिनं सांगितलं आणि ती वाट आम्ही बंद केली. ते इथे लिहिणार नाही. कुणीच, कुठेच लिहू नये. वर्तमानपत्रवाल्यांनी हे वाचावं अशी फार इच्छा आहे.

तिच्या डॉक्टरांना फोन लावला. दवाखाना बंद होता, पण त्यांनी उचलला आणि सरळ सांगितलं की थांबू नका, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आणा, मी तिथे कळवतो. मग मी वसंतरावांना आत बोलावलं. मागोमाग मामाही आले. मी दोन वाक्यांत सांगितलं. मुलीच्या जिवाला आज धोका आहे, तिला आत्ता दवाखान्यात न्यायचंय, आणि तोवर एक क्षणही एकटं सोडायचं नाही.

मामांचा चेहरा पांढरा पडला. पण शब्द दिलेला माणूस होता तो. ‘वसंतराव, अर्धा तास,’ ते म्हणाले. ‘लोक आलेत. अर्ध्या तासानं काय बिघडतंय? सुमन बसलीय ना तिच्याजवळ.’

वसंतराव मुलीकडे बघत होते. केतकी म्हणाली, ‘बाबा, मी ठीक आहे. ट्रे नेते मी.’ आणि उठायलाही लागली.

‘बस,’ ते म्हणाले. मग मामांकडे न बघता म्हणाले, ‘त्या लग्नालाही आपण जेवण्यापुरतेच गेलो होतो.’

ते बाहेरच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. वसंतराव खांद्यावरचा पंचा सारखा करून, दुकानात गिऱ्हाइकाला फ्रेमचा भाव सांगतात त्या आवाजात बोलले.

‘माझा मुलगा हार्टनं गेला नाही. त्यानं जीव दिला. त्याला मनाचा आजार होता. तो मुलीलाही आहे आणि तिला आत्ता दवाखान्यात न्यायचंय. तुम्हाला हे आधी सांगायला हवं होतं. पोहे झालेत, खाऊन जा.’

मुलाच्या आईनं विचारलं, ‘लपवलंत का?’

‘हो,’ वसंतराव म्हणाले. ‘लपवलं.’

त्या बाईंना राग आला होता आणि तो त्यांचा हक्क होता. पर्स उचलून त्या उभ्या राहिल्या. पण तो मुलगा, ज्याचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं, तो म्हणाला की रिक्षा या गल्लीत यायला वेळ लागेल, गाडी नदीकाठी लावलीय, मी घेऊन येतो. आणि आईकडे न बघता जिना उतरला.

गाडी बोळात शिरली तेव्हा देशमाने काका तोंडाशी उभे राहून एकेका दुचाकीला बाजूला सरकवत होते. एका दुकानदारानं हटकलं, कुणाची परवानगी? काका म्हणाले, तुमचीच घेतोय, हँडल धरा. केतकी जिन्यावरून आई आणि बाबांच्या मधून उतरली, गजऱ्यासकट. गल्लीतली निम्मी माणसं बघत होती. वसंतरावांना कुणीतरी विचारलं, काय झालं हो? त्यांनी सांगितलं. चालता चालता, न थांबता, खरं ते सांगितलं.

पुढचं थोडक्यात सांगते. तिला दाखल करून घेतलं. रक्त तपासलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. या वेळी घरी सोडताना मी डॉक्टरांसमोर बसून राहिले आणि पुढचे आठवडे कसे जपायचे, कुणी कधी सोबत राहायचं, कशावर तडक फोन करायचा, हे त्यांच्याच तोंडून घरच्यांना ऐकवलं. ते जरा वैतागले. वैतागू देत. लग्न जमलं नाही. जमायला ही काही सिनेमातली गोष्ट नव्हे. मामा आठ दिवस आले नाहीत, मग एका सकाळी आले आणि केतकीच्या हातात पाण्याचा पेला आणि गोळी ठेवून गेले. अजून रोज येतात, तीच गोळी द्यायला. ती म्हणते, मामा, मी नोकरी करते हो, मला गोळी गिळता येते. ते ऐकत नाहीत. निनादचा फोटो वसंतरावांनी दुकानात लावला, मंजूषाच्या फोटोशेजारी; काकांनी तो अजून घरी नेलेला नाही, तिथेच बरा आहे म्हणतात. केतकी आहे. आजारही आहे. तिनं ट्रे आणला की कप वाजतात आणि आम्हाला ते ऐकायची सवय झाली आहे.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीच्या संध्याकाळचं.

केतकीला झोप लागली होती. वसंतराव तिच्या उशाशी, काका खाली औषधांच्या रांगेत. माझ्यात त्राण उरलं नव्हतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि आता सगळं पार पडल्यावर माझेच हात थरथरत होते, लिथियमशिवाय. मी चपला घातल्या. सुमनताई वॉर्डच्या दारापर्यंत आल्या.

‘निघते, काकू,’ मी म्हटलं.

त्या तिथेच उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी झापल्यानंतर त्यांनी मला दारातून कधी काही म्हटलं नव्हतं.

‘निघते काय?’ त्या म्हणाल्या. ‘येते म्हणावं.’

‘येते.’

‘कधी?’

‘उद्या सकाळी.’

‘या,’ त्या म्हणाल्या, आणि मी जिना उतरेपर्यंत दारात थांबल्या.